टिकणारे दादा-ताई हवेत

संध्याकाळी शाळा सुटली की देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गावात तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींचा पुढचा वेळ कोणाच्याच हिशेबात नसतो. रोवणीच्या आणि धानकापणीच्या दिवसांत आईबाप अंधार पडेपर्यंत बांधीत असतात, मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या मागे असतात. गोंदिया शहरातल्या मुलांना या वेळात शिकवणी वर्ग असतात. खेड्यातल्या मुलांना लहान भावंडे असतात, घरकाम असते आणि अलीकडे हातात मोबाइल असतो. या वयाचे प्रश्न केवळ गणिताचे नसतात. दहावीनंतर कुठे जायचे, आयटीआयचा अर्ज कसा भरायचा, जात वैधता प्रमाणपत्रासाठी कोणते कागद लागतात, तालुक्याच्या वसतिगृहात मुलीला पाठवावे हे वडिलांना कोणी पटवून द्यायचे, हे ते प्रश्न आहेत. शिक्षकाला ते विचारायला मुले बिचकतात आणि आईबापांना त्यांची उत्तरे ठाऊक नसतात. हे प्रश्न विचारले जातात आपल्याहून पाच-सात वर्षांनी मोठ्या आणि त्याच वाटेने नुकत्याच पुढे गेलेल्या दादाला किंवा ताईला. गावोगावी असे दादा-ताई उभे करण्याचे प्रयत्न सरकारने केले नाहीत असे नाही. केलेला एकही प्रयत्न टिकू दिला नाही, ही आमची तक्रार आहे. आणि या कामात टिकणे हेच निम्म्याहून अधिक काम आहे.

या तक्रारीचा पुरावा गोंदिया जिल्ह्यातच आहे. केंद्र सरकारने २०१० मध्ये किशोरवयीन मुलींसाठी ‘सबला’ योजना देशातल्या २०० जिल्ह्यांत सुरू केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या ११ जिल्ह्यांत गोंदियाचा समावेश होता. पूरक आहार आणि लोहाच्या गोळ्या हा योजनेचा परिचित भाग. तिचा खरा मौल्यवान भाग मात्र दुसरा होता. प्रत्येक अंगणवाडीशी जोडलेला १५ ते २५ मुलींचा किशोरी समूह, त्यातून निवडलेली एक ‘सखी’, तिच्या जोडीला दोन ‘सहेली’, त्यांचे प्रशिक्षण आणि वर्षागणिक नव्या मुलींकडे जाणारी जबाबदारी अशी ती रचना होती. गावातल्याच मुलीने गावातल्या मुलींचे नेतृत्व करायचे आणि करता करता पुढची मुलगी तयार करायची, ही कल्पना कागदावर तरी उत्तम होती. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नव्हती हे खरे. ती सुधारण्याऐवजी योजनाच आखडत गेली. २०१७ नंतर ती ११ ते १४ वयोगटातल्या शाळाबाह्य मुलींपुरती उरली. २०२१-२२ मध्ये ती पोषण कार्यक्रमात विलीन झाली आणि १४ ते १८ वयाच्या मुलींसाठी ईशान्येकडील राज्ये व आकांक्षित जिल्ह्यांपुरती मर्यादित झाली. महाराष्ट्रातले आकांक्षित जिल्हे गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. गोंदिया त्यात नाही, पेसा कायदा लागू होणाऱ्या अनुसूचित क्षेत्रातही नाही. २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया आणि ८० टक्क्यांच्या पुढे गेलेली साक्षरता असा या जिल्ह्याचा चेहरा. सरासरी चांगली दिसते म्हणून जंगलपट्ट्यातल्या गावांचे मागासलेपण आकड्यांत बुडते आणि मागासांसाठीच्या योजनेतून जिल्हा गळतो.

टिकण्यावर एवढा भर कशासाठी, याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका कामात सापडते. मराठवाड्यात पैठण तालुक्यातल्या पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्ग सुरू केला. आठवड्यातले पाच दिवस, रोज संध्याकाळी एक तास, असा तो वर्षभर चाले. शिकवणाऱ्या होत्या गावातल्याच, सातवीपर्यंत तरी शिकलेल्या बायका. १९९७ ते २००१ या काळात त्या गावांत मुलींच्या लग्नाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले आणि अठरा पूर्ण होण्याआधी होणाऱ्या लग्नांचे प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर आले. वर्ग नसलेल्या तुलनेच्या गावांत असा बदल दिसला नाही. पूर्व विदर्भात बालविवाहाचा प्रश्न मराठवाड्याइतका तीव्र नाही, त्यामुळे तो अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. घ्यायचा आहे तो त्याचा साचा: गावची बाई, ठरलेली वेळ, अख्खे वर्ष. उलट बाजूचा पुरावा अमेरिकेतून येतो. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या संस्थेच्या मार्गदर्शकांचा मुलांना लाभ होतो, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले होते. तीच माहिती २००२ मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा सर्वाधिक लाभ वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकलेल्या नात्यांत आढळला. ज्या मुलांचा मार्गदर्शक तीन महिन्यांच्या आत निघून गेला होता, त्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा घसरलेला होता. म्हणजे अर्धवट सोडलेला प्रयत्न निरुपद्रवी नसतो. मुंबई आणि बडोद्यात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने वस्तीतल्या तरुणींना ‘बालसखी’ म्हणून शाळेत मागे पडलेल्या मुलांसोबत बसवले, तेव्हा मुलांचे गुण ठळकपणे वाढले. पाठिंबा थांबून वर्ष लोटल्यावर मात्र त्या वाढीचा बराचसा भाग ओसरला होता.

या पुराव्यासमोर आजची व्यवस्था ठेवून पाहा. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना महिना सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार, पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन देऊन तरुणांना कार्यालयांत, ग्रामपंचायतींत आणि शाळांतही नेमले गेले. मुदत सहा महिने, पुढे ती अकरा महिन्यांवर नेली. शाळेत आलेल्या या तरुणांकडे मुलांचा ओढा असणे स्वाभाविक आहे, कारण शिक्षकांपेक्षा ते मुलांच्या वयाला जवळचे. पण ओळख पक्की होऊन मूल मनातले बोलायला लागते, तोवर मुदत संपत आलेली असते. राष्ट्रीय सेवा योजनेचे निवासी शिबिर तर सात दिवसांचे. महाविद्यालयीन तरुणांना ते खूप काही देते, ज्या गावात ते भरते त्या गावच्या मुलांना मात्र एक आठवण देऊन उठते. नेतृत्व विकासाच्या नावाखाली होणाऱ्या एकदिवसीय कार्यशाळांबद्दल न बोललेलेच बरे.

वर्षानुवर्षे टिकणारी संध्याकाळ मराठी समाजाला परकी नाही. १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाची शाखा मैदानावर भरायची आणि त्याच मैदानावरचा पोर पुढे शाखानायक व्हायचा. विदर्भात तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सायंकाळची सामुदायिक प्रार्थना कोणत्याही योजनेवाचून, गावच्या माणसांच्या बळावर कित्येक दशके चालत आली आहे. मग मुलांसाठीचे कामही स्वयंसेवेवर का चालू नये, असे कोणी विचारील. कारण प्रार्थनेचा भार अनेकांच्या खांद्यांवर वाटला जातो. रोज दोन तास मुलांजवळ बसण्याचा भार एकदोघांवर पडतो. त्या दोन तासांत विड्या वळून घराला चार पैसे लावणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीकडे तो वेळ फुकट मागणे अन्यायाचे आहे. तिला मानधन द्यावेच लागेल. मानधन दिले तरी ती जाईल, हा आक्षेप अधिक वजनाचा. मुलीचे लग्न होईल, मुलगा पोलीस भरतीत निवडला जाईल, कोणी कामासाठी नागपूर किंवा हैदराबाद गाठील. त्यांनी जाऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. पुढे जाणारा तरुण हाच तर मुलांसमोरचा धडा आहे. तजवीज करायची ती मागे जागा रिकामी न राहण्याची. ‘सबला’तली सखी-सहेलीची जोडरचना इथेच कामाला येते. प्रत्येक गावात एक जाणता आणि त्याच्या हाताखाली तयार होणारे दोघे असतील, एक मुलगी आणि एक मुलगा, तर पहिला गेला तरी मुलांना अनोळखी माणसापासून सुरुवात करावी लागणार नाही. माणूस बदलला तरी नाते तुटत नाही, असा टिकाऊपणा आम्हाला अभिप्रेत आहे.

हे शिक्षकांचेच काम आहे, असाही एक सूर निघतो. निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत कामे वाहणाऱ्या, तालुक्याच्या गावाहून ये-जा करणाऱ्या शिक्षकावर संध्याकाळही लादणे व्यवहार्य नाही. तरुणांना मार्गदर्शन नको, रोजगार हवा, हे म्हणणे रास्तच आहे. पण रोजगाराच्या वाटेवर पहिली गळती दहावी-बारावीच्या उंबरठ्यावर होते आणि ती रोखायला जवळचे माणूस लागते. सर्वांत गंभीर काळजी मुलांच्या सुरक्षिततेची, तसेच गावच्या गटबाजीने ही जागा बळकावण्याची आहे. तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. दादा-ताईंचा हा संध्याकाळचा वर्ग शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या उघड्या दारांत भरावा, मुलींसोबत ताई असावीच, नेमणुकीआधी पोलीस पडताळणी व्हावी, आणि सरपंचांच्या अध्यक्षतेखालच्या ग्राम बालसंरक्षण समितीने दर महिन्याला मुलांकडूनच विचारपूस करावी. अनेक गावांत ही समिती कागदावरच आहे. तिला यानिमित्ताने खरे काम मिळेल.

राहिला पैसा. महिना तीन हजार रुपये मानधन धरले आणि दहा महिने वर्ग चालला, तर एका गावाचा वर्षाचा खर्च ३० हजार. उत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी राखायचा १० टक्के निधी लहान ग्रामपंचायतींत याला पुरणार नाही. म्हणून वित्त आयोगाच्या अनुदानातून आणि जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनांच्या तरतुदीतून भर घालावी लागेल. सामूहिक वनहक्क मिळालेल्या, स्वतः तेंदूपत्ता विकणाऱ्या ग्रामसभांनाही या खर्चाचा विचार करता येईल. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॅटच्या वीज प्रकल्पासारख्या उद्योगांच्या सामाजिक निधीचा उपयोग नव्या दादा-ताईंच्या प्रशिक्षणासाठी व्हावा. मानधन मात्र सार्वजनिक तिजोरीतूनच गेले पाहिजे, कारण कंपन्यांचे प्राधान्य बदलले की वर्ग बंद पडेल. सगळे आठ तालुके एकदम घेण्याची गरज नाही. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी या चार तालुक्यांतल्या मोजक्या गावांपासून सुरुवात व्हावी, पण मंजुरी तीन वर्षांची एकदमच मिळावी. पुढील वर्षाचे ग्रामपंचायत विकास आराखडे २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून आकार घेऊ लागतात. त्या आराखड्यात रस्ते आणि नाल्यांच्या रांगेत या मानधनाची ओळ तीन वर्षांच्या रकमेसह लिहिली गेली, तर शाळा सुरू होणाऱ्या जूनमध्ये पहिला वर्ग भरू शकतो.