कंपवाताचे औषध आणि किमतीचा भ्रम

अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन विकाराच्या, १२ रुग्णांवर एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. टोचून द्यावयाची दोन नवी औषधे तपासावयाची आहेत, दोन्हींचा गुण सारखाच अपेक्षित आहे, मात्र एकाच्या मात्रेला १०० डॉलर पडतात, तर दुसऱ्याच्या मात्रेला १५०० डॉलर, असे रुग्णांना सांगण्यात आले. वस्तुतः दोन्ही सुयांत मिठाच्या पाण्यावाचून काहीही नव्हते. तरीही ‘स्वस्त’ सुईपेक्षा ‘महाग’ सुईनंतर रुग्णांच्या हालचालींत अधिक सुधारणा दिसली.

हा केवळ भोळेपणा म्हणून सोडून देता येणार नाही. कंपवातात मेंदूच्या विशिष्ट भागातील पेशी नष्ट होत जातात आणि त्या तयार करीत असलेले डोपामिन हे द्रव्य कमी पडू लागते. हात थरथरणे, अंग ताठरणे, हालचाली मंदावणे ही लक्षणे त्यातून उद्भवतात. गुण येईल या अपेक्षेनेच काही काळ मेंदूत डोपामिन स्रवते, असे कॅनडातील व्हँकुव्हर येथील संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले. म्हणजे ज्या द्रव्याची उणीव हाच रोग, तेच द्रव्य आशेने वाढते. अशा रोगात ‘अमक्या औषधाने मला बरे वाटले’ ही रुग्णाची साक्ष प्रामाणिक असूनही पुरावा ठरत नाही. म्हणूनच येथे काटेकोर चाचणीला पर्याय नाही. अमेरिकेत ४० रुग्णांवर झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पेशीरोपणाच्या चाचणीत निम्म्या रुग्णांच्या कवटीला केवळ छिद्रे पाडण्यात आली, पेशी घातल्या गेल्या नाहीत. हे कठोर वाटेल. परंतु प्रत्यक्ष रोपण झालेल्यांनी आपल्या प्रकृतीविषयी दिलेला कौल रोपण न झालेल्यांच्या कौलापेक्षा सरस ठरला नाही, हे त्याविना कळलेच नसते.

चाचणी हवी, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न अर्थकारणाचा उरतो. कोणत्या औषधाची चाचणी घ्यायची, कशाशी तुलना करायची आणि तिचा खर्च कोणी सोसायचा, हे कोण ठरविते? रोग्याच्या घरातील माणसांना या प्रश्नाची झळ थेट लागते. कंपवात हा सहसा उतारवयातील आणि वर्षानुवर्षे चालणारा विकार आहे. निवृत्त शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरी औषधांचा खर्च रोजचा होऊन बसतो. त्या घराला हवे असलेले उत्तर साधे असते: नव्या, महाग गोळीने जुन्या, स्वस्त गोळीपेक्षा काही अधिक पदरात पडते काय?

जुन्या गोळीचा इतिहास गौरवास्पद आहे. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७ साली अवघ्या सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या रोगाचे वर्णन केले; त्यांतील काही तर त्याला रस्त्यात दिसलेले होते. त्यानंतर सुमारे दीड शतकाने, १९६० साली, व्हिएन्नातील एहरिंगर आणि होर्नीकिएविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची तूट असल्याचे सिद्ध केले. पुढच्याच वर्षी डोपामिनचे पूर्वद्रव्य असलेले लेव्होडोपा रुग्णांना टोचून पाहण्यात आले, आणि १९६७ साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोट्झियास यांनी ते तोंडावाटे, हळूहळू वाढत्या मात्रेने दिल्यास रुग्ण हिंडूफिरू लागतात, हे दाखविले. त्याला कार्बिडोपाची जोड मिळाल्यावर मळमळ कमी झाली. लक्षणांना उतार पाडण्यात लेव्होडोपाला मागे टाकणारे औषध आजतागायत निघालेले नाही. अर्थात ते रोगाची वाढ थांबवीत नाही. काही वर्षांनी पुढच्या मात्रेची वेळ होण्याआधीच गुण ओसरू लागतो आणि शरीराच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात.

या दोषावर बोट ठेवूनच नवी औषधे बाजारात आली. काही डोपामिनची नक्कल करणारी होती, तर काही मेंदूतील डोपामिनचा नाश लांबविणारी. लेव्होडोपा जितके उशिरा सुरू कराल तितके बरे, असा विचार वैद्यकीय वर्तुळात रुजला. रुग्णांच्या मनातही जुन्या औषधाची भीती बसली. हा विचार खरा की खोटा, हे तपासून पाहण्यात स्वारस्य कोणाला असणार? नवे औषध विकणाऱ्या कंपनीने आपल्याच मालाला धोका का पत्करावा? जुन्या औषधाचे पेटंट केव्हाच संपलेले; ते बनविणाऱ्या अनेक कारखान्यांपैकी एकाने हजारो रुग्णांच्या चाचणीचा खर्च केला, तरी फायदा सर्वांनाच वाटून जाणार. उत्तर सर्वांना हवे, परंतु ते मिळविण्याचा खर्च कोणाच्याही हिशेबात बसत नाही. अर्थशास्त्र अशा गोष्टींना सार्वजनिक वस्तू म्हणते आणि त्या बाजारावर सोपविल्यास निर्माणच होत नाहीत, असे सांगते. रस्त्यावरचे दिवे जसे नगरपालिकेने लावायचे, तशीच ही उत्तरेही शासनानेच मिळवावयाची असतात.

ब्रिटनमध्ये ते घडले. सरकारी निधीतून १६२० नव्या रुग्णांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, गटांत विभागणी झाली. काहींना आरंभापासून लेव्होडोपा, तर इतरांना नव्या दोन प्रकारांतील औषधे देण्यात आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, रुग्णांनी स्वतः नोंदविलेल्या हिंडण्याफिरण्याच्या क्षमतेत लेव्होडोपाचा गट थोडासा, परंतु सातत्याने पुढे राहिला. अनैच्छिक हालचाली त्या गटात काहीशा अधिक आढळल्या, हेही नमूद केले पाहिजे. मात्र दुष्परिणामांमुळे औषध सोडावे लागलेल्यांचे प्रमाण डोपामिनची नक्कल करणाऱ्या औषधांच्या गटात २८ टक्के, तर लेव्होडोपाच्या गटात अवघे २ टक्के होते. त्याच वर्षी घाना आणि इटली येथील रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. घानातील रुग्णांना परिस्थितीमुळे लेव्होडोपा कितीतरी उशिरा मिळाले होते. तरीही त्यांच्यातील उपद्रव रोगाच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झाले. उपद्रवांचा संबंध औषध किती वर्षे घेतले याच्याशी नसून रोगाच्या वयाशी आणि मात्रेच्या प्रमाणाशी आहे, असे त्यातून दिसले. औषध लांबणीवर टाकून ज्यांनी चालण्याफिरण्याची चांगली वर्षे दवडली, त्यांची भरपाई कोण करणार?

भारताच्या दृष्टीने या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. आपल्या रानात वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असते, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखवून दिले होते. कंपवाताच्या रुग्णांना या बिया देऊन केलेल्या अभ्यासाचा अहवाल मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केला. १९९५ साली प्रसिद्ध झालेली अशीच एक चाचणी ६० रुग्णांची होती. २००४ साली लंडनमध्ये आठ आणि २०१७ साली बोलिव्हियात १८ रुग्णांवर ही पूड तपासण्यात आली. एकेका मात्रेचा गुण गोळीच्या तोडीचा दिसला. परंतु ती १६ आठवडे रोज देऊन पाहिली, तेव्हा १४ पैकी निम्म्या रुग्णांनी पोटाच्या तक्रारींमुळे किंवा हालचाली बिघडल्यामुळे ती सोडून दिली. या सर्व रुग्णांची बेरीज केली, तरी ती ब्रिटनमधील त्या एका चाचणीच्या दशांशालाही पोचत नाही.

येथे पूर्वजांचा अभिमान वा तुच्छता, दोन्ही निरुपयोगी आहेत. वनस्पतीतील द्रव्य हेही औषधच आहे; त्याची मात्रा बेताची नसेल तर अपाय होणारच. गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न सांगता वर चूर्ण घेणे म्हणजे तेच औषध दुप्पट घेणे होय. ज्या गरिबाला गोळी परवडत नाही किंवा मिळत नाही, त्याच्यासाठी हे बी उपयोगी ठरेल काय, आणि किती प्रमाणात, याचे निर्णायक उत्तर ज्या देशात ते उगवते त्या देशाने आजवर मिळवावयास हवे होते. ते मिळविले नाही, याचे कारण विज्ञानात नसून त्यातून कोणालाही नफा होणार नाही, यात आहे.

सरकारी पैसा अशा चाचण्यांत बुडेल, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. अमेरिकेत सार्वजनिक निधीतून १७४१ रुग्णांवर क्रिएटिनची चाचणी झाली, ६०० रुग्णांवर को-एन्झाइम क्यू १० ची झाली. दोन्ही निष्फळ ठरल्या. परंतु ही द्रव्ये दुकानांत डबे भरभरून विकली जात होती. ती कंपवात थोपवीत नाहीत, हे सप्रमाण कळणे म्हणजे हजारो कुटुंबांचा पैसा वाचणे होय. विकणारा असा निष्कर्ष मिळविण्यासाठी खर्च करील, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

भारतात २००९ पासून रुग्णांवरील चाचण्यांची आगाऊ नोंदणी सक्तीची झाली आणि २०१९ साली नवे नियम आले. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु नियम फक्त चाललेल्या चाचणीवर लक्ष ठेवतात. जी चाचणी कोणी हातीच घेत नाही, तिच्याविषयी ते काय करणार? म्हणून स्वस्त आणि महाग उपचारांच्या तुलनेसाठी सरकारने स्वतंत्र निधी राखून ठेवावा, शासकीय रुग्णालयांनी त्यात एकत्र यावे, आणि निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो चाचणीत भाग घेतलेल्या रुग्णांना त्यांच्या भाषेत कळवावा. थरथरत्या हाताने संमतिपत्रावर सही करणाऱ्या वृद्धाला, आपल्या सहीतून काय निष्पन्न झाले, हे जाणण्याचा हक्क आहे. आणि औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या त्याच्या मुलाला, अधिक पैसे मोजून आपण वडिलांसाठी अधिक काही नेत आहोत की केवळ अधिक मोठा आकडा, हे सांगणारे कोणीतरी असले पाहिजे.