इंटरनेटवरचं माझं वन आरके

शुक्रवारची संध्याकाळ, डेडलाइनला दोन तास, आणि माझं जीमेल ठप्प. संपादकांचे मेल येईनात, माझे जाईनात. कारण काय, तर गुगलची १५ जीबी जागा फुल्ल! १ जून २०२१ पर्यंत गुगल फोटोज्‌मध्ये 'हाय क्वालिटी'वाले फोटो कितीही टाका, फुकट होतं. त्या दिवसापासून मीटर पडलं आणि आपण सवयीने टाकतच राहिलो. (माझ्या १५ जीबीत आईच्या 'गुड मॉर्निंग'वाल्या गुलाबांचा वाटा सिंहाचा होता.)

सरळमार्गी माणूस अशा वेळी महिन्याला १३० रुपये भरतो, १०० जीबी घेतो आणि पिक्चरला जातो. मी मावसभावाला फोन केला. तिथेच लोच्या झाला.

मावसभाऊ हिंजवडीत कुठल्याशा कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. म्हणाला, "ताई, किती दिवस पेइंग गेस्ट म्हणून राहणार? स्वतःचं घर कर." म्हणजे इंटरनेटवर एक मशीन भाड्याने घ्यायचं आणि त्यावर आपल्या सोयी आपणच थाटायच्या. फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, फोटोंसाठी इमिच, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन. सगळी सॉफ्टवेअर ओपन सोर्स, फुकट. भाडं फक्त मशीनचं.

खरं सांगू? मला फोटोंचं एवढं नव्हतंच. माझ्याकडे आजीची सहा रेकॉर्डिंग्ज होती. सांगलीच्या घरी, दुपारी भाजी निवडताना मोबाइलवर घेतलेली. शाळेतून नाव कसं काढलं, आजोबांनी पहिल्यांदा तिला पत्र लिहिलं तेव्हा वाचून कुणी दाखवलं, असलं बरंच काही. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. ते आवाज 'स्वतःच्या घरात' असावेत, हे मला एकदम पटलं.

आता घर शोधणं आलं. पुण्यात फ्लॅट शोधला असेल तर हे तुम्हाला जमेल. आधी एरिया. डिजिटलओशनचं डेटा सेंटर २०१६ पासून बंगळुरूत आहे, त्याच वर्षी ॲमेझॉन मुंबईत आलं, २०१९ मध्ये लिनोड आलं (ते २०२२ मध्ये अकामाईने विकत घेतलं). जर्मनीचं हेट्झनर भाड्याला स्वस्त. पण पुण्याहून जर्मनीला जाऊन यायला प्रत्येक क्लिकला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. फाइल ठेवायला ठीक, फोटो भराभर सरकवताना जाणवतं. मग भाडं. ॲमेझॉनचा हिशेब मीटरच्या रिक्षासारखा. मशीनचं वेगळं, डिस्कचं वेगळं, बाहेर जाणाऱ्या डेटाचं वेगळं. आपल्यासारख्या महिन्याच्या पगारावरच्या लोकांना (मला तर तोही नाही) ठरावीक भाड्याची जागा बरी. डिजिटलओशनकडे मी पाहिलं तेव्हा एक जीबी मेमरीचं मशीन महिना सहा डॉलर, जादा डिस्क १०० जीबीला दहा डॉलर, वर १८ टक्के जीएसटी, वर बँकेचं फॉरेक्स मार्कअप. बघा, १३० रुपये कुठे राहिले! पैसे वाचवायला हे करणार असाल तर करूच नका.

मी यांच्यापैकी कुणाकडेच न जाता आणखी स्वस्त असलेल्या एका परदेशी कंपनीकडे गेले. नाव नको.

सेटअपचा शनिवार मात्र जाम भारी गेला. पहिला धडा, पासवर्डने लॉगिन बंद, फक्त एसएसएच की. मशीन सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नसतील, तर लॉगमध्ये जगभरचे बॉट दार ठोठावताना दिसायला लागले. मग डॉकर, त्यावर नेक्स्टक्लाउड. ब्राउझरमधल्या कुलपासाठी लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट, ते ९० दिवसांनी संपतं, पण कॅडी नावाचं सॉफ्टवेअर आपलं आपण नवं आणतं. इमिच चेहरे ओळखायला बसलं की एक जीबीचं मशीन धापा टाकायचं, म्हणून मोठं घेतलं. रात्री अकराला आजीचा फोल्डर स्वतःच्या डोमेनवर उघडला आणि मी रूममेटला उठवून दाखवला. तिने "छान" म्हणून कूस बदलली.

मावसभावाने दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, ईमेल स्वतः चालवू नकोस. दोन, हार्ड डिस्कवर कॉपी ठेव. स्ट्रासबर्गला १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएचच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली आणि ज्यांनी बॅकअप दुसरीकडे ठेवला नव्हता त्यांचा डेटा कायमचा गेला, हेही ऐकवलं. दिवाळीत मी एकदा कॉपी केली. ईमेल मात्र चालवलंच. व्हिजिटिंग कार्डावर स्वतःचं डोमेन, काय रुबाब! आणि त्याच रुबाबात सर्व्हर कंपनीला बिलासाठीही तोच पत्ता दिला.

मार्चमध्ये माझ्या कार्डाची मुदत संपली. पैसे कटले नाहीत. कंपनीचे पहिले दोन मेल मी मार्केटिंग समजून न उघडताच ढकलले. मग त्यांनी सर्व्हर बंद केला. शेवटची सूचना कुठे गेली असेल? त्याच बंद सर्व्हरवर. मी तेव्हा कोल्हापूरला मैत्रिणीच्या लग्नात मेंदी काढून बसले होते. परत येईपर्यंत मशीन पुसलेलं. सपोर्टवाल्याने दिलगिरी व्यक्त करून करार वाचायला सांगितलं. चूक माझीच होती, पण राग त्याचाच आला.

हार्ड डिस्क लावली. दिवाळीपर्यंतचे फोटो होते, पुढचे चार महिने गेले. आजीचा फोल्डर होता. पहिल्या पाच फायली वाजल्या. सहावी शून्य केबी. कॉपी अर्धवट झाली होती आणि मी कधी उघडून पाहिलंच नव्हतं. सहावी म्हणजे पत्राची.

आईला फोन केला तेव्हा मी रडत होते. ती म्हणाली, "अगं, ते तू मला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतंस ना तेव्हा?" तिच्या कायम भरलेल्या, मी शंभरदा "साफ कर गं" म्हटलेल्या फोनमध्ये, कुठल्याशा गुलाबांच्या खाली, एकोणीस मिनिटांची ती फाइल होती.

आता नवा सर्व्हर मुंबईत आहे. बिलाचे मेल जीमेलवर येतात, ज्याचे मी निमूटपणे १३० रुपये भरते. परदेशी कंपन्यांचं ऑटो-पे १ ऑक्टोबर २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांनंतर आपल्या कार्डावर चालेलच याचा भरवसा नाही, म्हणून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ टाकलंय. दर रविवारी रात्री कॉपी हार्ड डिस्कवर जाते, आणि महिन्यातून एकदा मी कुठलीही चार फायली उघडून बघते. दुसरी डिस्क शनिवारच्या गाडीने सांगलीला न्यायची आहे. आई म्हणते, फ्रिजवर ठेव, तिथे धूळ बसत नाही.