उभ्याने घ्यावयाची कॉफी

वाचकहो, परक्या देशाची खरी ओळख राजवाड्यांत होते त्याहून अधिक स्टेशनाजवळच्या उपाहारगृहात होते. म्हणून आज आपण इटलीतील नेपल्स शहरी जाऊ. मध्यवर्ती स्टेशनातून बाहेर पडताच समोर गॅरिबाल्डीच्या नावाचा विस्तीर्ण चौक लागतो. तेथे, किंबहुना साऱ्या शहरभर, पावलोपावली ‘बार’ अशी पाटी दिसते. या शब्दाने आपण बिचकू नये. इटलीत बार म्हणजे मुख्यतः कॉफीचे दुकान. मद्य तेथेही मिळते. पण सकाळी तेथे दाटी करतात ते कामावर निघालेले कारकून, मजूर, शिक्षिका आणि गाडी गाठण्याच्या घाईत असलेले प्रवासी.

आत पाऊल टाकताच नवख्या माणसाला वाटते, येथे नुसता गोंधळ आहे. पण जरा दाराशी थांबून पाहा. या गोंधळाला शिस्त आहे. स्टेशनाजवळच्या गजबजलेल्या बारमध्ये बहुधा आधी गल्ल्यावर पैसे द्यावयाचे असतात. ‘उन काफ्फे’, म्हणजे एक कॉफी, एवढे दोन शब्द पुरतात. मिळालेली पावती घेऊन लांबलचक फळीपाशी जावे आणि ती समोर ठेवावी. दुधाची कॉफी हवी असल्यास मात्र ‘लात्ते’ म्हणू नये. इटालियन भाषेत त्याचा अर्थ नुसते दूध असा होतो, व तेच पुढ्यात येते. कॉफीबरोबर पेलाभर पाणी देण्याची नेपल्सची रीत आहे. पाणी आधी प्यावे, म्हणजे जिभेला कॉफीची चव स्वच्छ लागते.

एवढ्या गर्दीला इतक्या झटपट कॉफी मिळते, याचे श्रेय यंत्राला आहे. तूरीनच्या आंजेलो मोरियोंदो यांनी १८८४ साली वाफेच्या यंत्राचे एकस्व घेतले; १९०१ साली मिलानच्या लुईजी बेत्झेरा यांनी एकेक पेला स्वतंत्रपणे काढण्याची युक्ती साधली. पुढे मिलानच्याच आकिल्ले गाज्जा यांनी १९३८ साली एकस्व घेतले, आणि महायुद्धानंतर त्यांचे दांड्याचे यंत्र प्रचारात आले. सुमारे सात ग्रॅम भुकटीतून नऊपट वातावरणदाबाने गरम पाणी ढकलले, की पंचवीस-तीस सेकंदांत दोन-तीन घोट कॉफी उतरते आणि तिच्यावर पिंगट साय धरते. दक्षिण भारतातील वाचकांना फिल्टरमधून थेंब थेंब उतरणारा अर्क आठवेल. त्याची चाल संथ, हिची तडफदार. तरीही दोघींचे नाते आहे. भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक देश अनेक वर्षे इटली हाच आहे, आणि आपल्याकडील रोबस्टा बिया तेथील मिश्रणांत जातात. कोडगूच्या मळ्यात राबणाऱ्या हातांचा काही अंश त्या सायीत असतो.

आता मुख्य गोष्ट. त्या फळीपाशी बसावयास जागा नसते. उभ्याने घेतलेल्या कॉफीचा दर कमी. टेबलाशी बसून मागविली तर पुष्कळदा दुप्पट किंवा त्याहून अधिक. त्यामुळे वकील आणि हमाल खांद्याला खांदा लावून उभे राहतात, सारखाच पेला उचलतात व सारखेच पैसे देतात. स्वस्त वस्तू म्हणजे हलकी वस्तू, हे समीकरण तेथे चालत नाही. कच्च्या कॉफीचे भाव चढून पेल्यामागे थोडे पैसे वाढले, तरी तेथे त्याची चर्चा होते, ती यामुळेच. हा घोट ज्याच्या आवाक्याबाहेर जातो, तो त्या फळीवरूनच उठतो.

आणि ज्याच्यापाशी तेवढेही पैसे नाहीत, त्याचे काय? नेपल्सने यावर जुना उपाय शोधला आहे. त्याला ‘काफ्फे सोस्पेसो’, म्हणजे अधांतरी राहिलेली कॉफी म्हणतात. एकाने एक कॉफी प्यावी, दोहोंचे पैसे भरावे आणि निघून जावे. मागाहून कोणी गरजू येऊन विचारतो, “एखादी सोस्पेसो आहे काय?” असल्यास त्यालाही तोच पेला, तीच साय. लुचानो दे क्रेशेन्झो या नेपल्सच्या लेखकाने २००८ सालच्या आपल्या पुस्तकाला हेच नाव दिले.

‘या हाताचे त्या हाताला कळू नये’ असे आपणही म्हणतो. उन्हाळ्यात आपल्याकडे जागोजागी पाणपोया लागतात. तहानलेल्याची जात वा गाव त्या विचारीत नाहीत. मात्र पुष्कळ पाणपोयांवर दात्याचे नाव ठळक अक्षरांत रंगविलेले असते. सोस्पेसोला पाटी नाही. देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहिलेले नसते, म्हणून घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. वाचकहो, दान मोठे असावे की लहान, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू. ते घेताना माणसाला ताठ उभे राहता येते की नाही, एवढे आपण आपापल्या दारी पाहावे.