पोट सुटलं, की कातडी?

मलकापूरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. दोन बाळंतपणं झाली. नंतर वजन उतरलं, पण पोटाची कातडी ओघळलेलीच राहिली. त्या लिहितात, "तेल चोळलं, पट्टा बांधला, उपयोग शून्य. शस्त्रक्रिया करून कातडी काढतात म्हणे. पाटल्या मोडून, माहेरी जाते असं सांगून आठवड्याभरात उरकता येईल का? जाऊबाई म्हणतात, ही सिनेमावाल्यांची थेरं!"

ताई, आधी जाऊबाईंना उत्तर देऊ. कपाळाची कातडी वळवून कापलेलं नाक नव्यानं घडवल्याची पुण्याकडची हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि तिथल्या सर्जननी ती पद्धत उचलली. तेव्हा कातडीची शस्त्रक्रिया आपल्याला परकी नाही, विचारण्यात लाजही नाही. पण ही किरकोळ गोष्टही नव्हे.

आधी सैल काय झालंय ते ओळखा. उताणं झोपून गुडघे दुमडा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर मधोमध बोटं टेकवा. दोन बोटांहून रुंद खळगा लागला, तर पोटाचे स्नायू फाकलेले असू शकतात. शिकून घेतलेल्या व्यायामानं त्यात पुष्कळदा फरक पडतो. खोकताना फुगवटा येत असेल, तर तो हर्निया असू शकतो, डॉक्टरांना दाखवाच. चिमटीत जाड वळी आली तर ती चरबी. ती बेतानं खाऊन आणि चालून उतरते. पण पातळ, चुरगळलेली कातडी तेलापट्ट्यानं आवळत नाही. मात्र बाळंतपणाला वर्ष झालं नसेल, तर थोडं थांबा.

शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात. जादा कातडी काढतात, फाकलेले स्नायू शिवतात, बेंबी नव्या जागी बसवतात. व्रण फिका होतो, पण जन्मभर राहतो. जखम चिघळणं, आत पाणी साठणं हे धोके असतात. क्वचित पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते. मग जिवावर बेतू शकतं.

आता तुमचा खरा प्रश्न. हे लपवून होणार नाही! सुमारे सहा आठवडे भरलेली कळशी उचलायची नाही, मूल कडेवर घ्यायचं नाही. चार दिवसांनी घरी येऊन धुण्याला बसलात, तर टाके उसवतील. म्हणून यजमानांना आणि हाताखाली येणाऱ्या एका बाईला तरी आधी सांगाच.

आणखी मूल हवं असेल, तर आता करू नका. कातडी पुन्हा ताणेल. वजन निदान सहा महिने स्थिर हवं, मधुमेह असल्यास आटोक्यात हवा. मिश्री लावत असाल, तर किमान महिनाभर आधी सोडा आणि डॉक्टरांना खरं सांगा. तंबाखूनं कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही. कोल्हापूरला प्लॅस्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी असलेल्या सर्जनकडेच जा. भूल कोण देणार, काही बिघडलं तर सोय काय, सगळा खर्च किती, हे विचारून घ्या. नुसत्या शोभेच्या शस्त्रक्रियेला विमा बहुधा मिळत नाही.

तोवर तुमच्याकडच्या पावसाळ्यात वळीखालची जागा धुऊन कोरडी ठेवा, मऊ सुती कापड ठेवा. खाज-चट्टे आले, तर दुकानातलं मलम मनानं लावू नका; त्यात स्टेरॉइड असलं तर नायटा पसरतो.

पाटल्या तुमच्या, शरीरही तुमचं. वावरायला त्रास होतो म्हणून, नीट समजून करणार असाल, तर जरूर करा. पण कुणाच्या टोमण्यासाठी पाटल्या मोडू नका. पोट सपाट झालं, तरी टोमणे मारणाऱ्याला दुसरं काही सापडतंच!