साखळीचा एक दात



मोटारसायकलचे इंजिन उघडले, नवे पिस्टन-रिंग घातले, सगळे पुन्हा बसवले, तरी गाडी चालू होत नाही. कार्बोरेटरमधून फट्ट आवाज येतो, नाहीतर किक उलटी पायावर येते. अशा वेळी पोरे काय करतात? आणखी जोरात किक मारतात! आम्ही म्हणतो, थांबा. वॉर्डात आम्ही हेच शिकलो की आधी नाडी बघा, मग औषध.

इंजिनालाही नाडी असते. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. कॅम दोन व्हॉल्व्ह उघडतो, एक हवा-पेट्रोल आत घेण्यासाठी, दुसरा धूर बाहेर टाकण्यासाठी. दोघांना जोडणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन. समजा कॅमच्या चक्राला २८ दात आहेत. साखळी एकच दात चुकली तर कॅम सुमारे १३ अंश चुकतो, आणि क्रँकच्या हिशेबाने २६! मग व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतात, दाब भरत नाही. जास्त दात चुकले तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतो.

आमच्या इमारतीतल्या एका मुलाचे असेच झाले. जुनी लहान होंडा, तिकडे आपल्या नातेवाइकांकडे हिरो होंडा सीडी १०० असायची, तशाच आडव्या सिलिंडरची. नव्या नोकरीला जायला दुसरे साधन नाही, आणि हेड पुन्हा उतरवायला खिशात पैसे नाहीत. तो किक मारणार, इतक्यात खालच्या मजल्यावरचे काका आले. काकांनी मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढलेला. काका मराठीत बोलणार, पोरगा हिब्रूत, मध्ये आम्ही. काकांनी जे करून घेतले ते लिहून ठेवतो.

१) प्लग काढा. मग इंजिन हाताने सहज फिरते. मॅग्नेटचा नट पान्याने धरून, इंजिन चालताना फिरते त्याच दिशेला हळू फिरवा. कुठे अडले तर जोर लावू नका, तिथेच थांबा. व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल.

२) मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसिंगवरच्या खुणेसमोर आणा. पिस्टन खरेच वर आला का, हे प्लगच्या भोकात प्लास्टिकची नळी घालून बघा. नळी वर येऊन थांबली पाहिजे. मॅग्नेटची चावी तुटली असेल तर खूण खोटे बोलते, आणि ठिणगीही भलत्या वेळी पडते.

३) आता कॅमच्या चक्रावरची वर्तुळाची खूण हेडवरच्या खाचेशी जुळते का ते बघा. दोन्ही टॅपेट थोडे ढिले लागले पाहिजेत.

४) साखळीची ओढली जाणारी बाजू ताठ हवी, ढील फक्त टेन्शनरच्या बाजूला.

५) टेन्शनर लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्या आणि खुणा पुन्हा बघा. मग टॅपेटची फट इंजिन थंड असताना पुस्तकाप्रमाणे लावा.

मुलाच्या गाडीत ‘टी’ बरोबर होती, पण कॅम एक दात मागे. साखळी चढवताना ओढीच्या बाजूला ढील राहिली होती. फिरवल्याबरोबर ढील ताणली गेली आणि कॅम मागे पडला. चक्र सोडून एक दात सरकवले, दोन फेरे दिले, खुणा जुळल्या. व्हॉल्व्ह शाबूत होते, कारण इंजिन अजून जोरात फिरलेच नव्हते. चौथ्या किकला गाडी चालू झाली. “खूण” हा मराठी शब्द मात्र पोराच्या तोंडी कायमचा बसला.

मुलांनो, हे काम एकट्याने करू नका, मोठे माणूस जवळ असू द्या. साखळीजवळ बोट नेण्याआधी किल्ली काढून ठेवा. आणि काका-आजोबांनो, वर्कशॉपमध्ये, गिरणीत, गॅरेजमध्ये शिकलेले हात घरी नुसते बसवून ठेवू नका. खाली अंगणात कोणी पोरगा इंजिन उघडून बसला असेल, तर खुर्ची घेऊन त्याच्याजवळ बसा.