मधुमेह, डोळे व तपासणीचें यंत्र

मधुमेह हा पेठेंतील बैठ्या लोकांचा रोग, शेतकऱ्यास त्याची बाधा नाहीं, ही समजूत आतां टाकून दिली पाहिजे. ह्या रोगानें डोळ्याच्या आंतील पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, त्यांतून रक्त व द्रव पाझरूं लागतो, आणि वेळीं उपाय न झाल्यास दृष्टि जाते. आरंभीं डोळा दुखत नाहीं आणि अंधुकही दिसत नाहीं. म्हणून रोगी दवाखान्यांत येतो तेव्हां पुष्कळदां नुकसान होऊन चुकलेलें असतें. लेसर किरणांनीं वा इंजेक्शनांनीं उरलेली दृष्टि राखतां येते, पण गेलेली सर्वस्वीं परत मिळेल असा भरंवसा नसतो. सबब मधुमेह असणारानें दरवर्षीं पडदा तपासून घ्यावा, असें वैद्यकशास्त्र सांगतें.

पण तपासणार कोण? नेत्रवैद्य बहुतेक शहरांत राहतात. ह्या अडचणीवर एक नवा उपाय निघाला आहे. कॅमेऱ्यानें डोळ्यांत प्रकाश टाकून पडद्याचें छायाचित्र घेतात, व संगणक तें पाहून रोगाचीं चिन्हें आहेत किंवा नाहींत हें सांगतो. शेंकडों कणसें हाताळून नवखा गडी जसा काणी पडलेलें कणीस ओळखूं लागतो, तसेंच नेत्रवैद्यांनीं पारखलेलीं छायाचित्रें दाखवून ह्या संगणकास शिकविलेलें असतें. गुगल कंपनीच्या संशोधकांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या कामांत अशीं सुमारें १,२८,००० छायाचित्रें वापरलीं होतीं. त्यांत मदुरेचें अरविंद नेत्र रुग्णालय व चेन्नईचें शंकर नेत्रालय येथील छायाचित्रेंही होतीं. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें एप्रिल २०१८ मध्यें, नेत्रवैद्याच्या मताशिवाय निर्णय देणारें असें पहिलें यंत्र मंजूर केलें. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाईलवर इंटरनेटविना चालणाऱ्या पद्धतीची परीक्षा झाली, व तिचे निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाले.

असें यंत्र खेड्यांत आलेंच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु नुसतें यंत्र आणून भागणार नाहीं. थायलंडमध्यें गुगलचें यंत्र ११ दवाखान्यांत लावलें, त्याची हकीकत २०२० सालीं छापली गेली. कित्येक ठिकाणीं खोलींत पुरेसा अंधार नव्हता, इंटरनेट मंद होतें, आणि शेंकडा सुमारें २१ छायाचित्रें अस्पष्ट म्हणून यंत्रानें नाकारलीं. मग रोग्यांस दुसऱ्या गांवीं तज्ज्ञाकडे जाण्यास सांगावें लागलें. आपल्याकडे असें झाल्यास ऐन पेरणींत एक दिवस मोडून कितीजण जातील?

पीकपाहणी झाली म्हणजे सूट मिळाली असें नव्हे, हें महसूल खात्यांत हयात घालविल्यामुळें आम्ही चांगलें जाणतों. तपासणीचेंही तसेंच आहे. म्हणून आमची मागणी अशी कीं, यंत्राबरोबर अंधारी खोली व शिकलेला माणूस द्यावा. ज्यास रोग निघेल त्याच्या चिठ्ठीवर उपचाराचें रुग्णालय व तारीख लिहून द्यावी. आणि तो तेथें पोंचला कीं नाहीं ह्याची नोंदवही ठेवावी. यंत्रानें निर्वाळा दिला तरी तो ह्या एका रोगापुरताच. मोतीबिंदु वा कांचबिंदु नाहीं असा त्याचा अर्थ कोणी करूं नये.

आपल्या संघानेंही मधुमेही सभासदांची यादी करून तपासणीचा दिवस सुगीनंतर ठरवावा. बैलाच्या डोळ्यास पाणी सुटलें तर आपण त्याच दिवशीं गुरांच्या डॉक्टरांस बोलावितों. स्वतःच्या डोळ्यांविषयीं तरी वाचकांनीं एवढीच तत्परता दाखवावी, ही विनंति.