विमानाच्या शेपटीवरील चिन्ह

युद्धकाळातील विमाने, रणगाडे आणि नौका यांच्या प्लॅस्टिकच्या लघुप्रतिकृती जोडण्याचा छंद आपल्याकडे अद्याप मूठभर हौशी मंडळींपुरताच मर्यादित आहे. ब्रिटन, जर्मनी, जपान, अमेरिका या देशांत मात्र तो अत्यंत गांभीर्याने जोपासला जातो. मूळ विमानाच्या ४८ किंवा ७२ पट लहान प्रतिकृती घडवताना रंगाची नेमकी छटा, पत्र्यावरील रिवेटांची रांग, इतकेच काय, पण धुराड्यामागे किती काजळी साचली असेल, याचाही विचार ही मंडळी करतात. अशा या काटेकोर जगात एक वाद कित्येक वर्षे मिटलेला नाही. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानाच्या शेपटीवर नाझींचे चिन्ह लावावे, की ती जागा कोरी सोडावी?

प्रथमदर्शनी हा प्रश्न पोरखेळ वाटेल. जगापुढे एवढ्या समस्या असताना खेळण्यांच्या शेपटीची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या चिन्हाभोवती हा वाद फिरतो, त्याला पाश्चात्त्य जग सर्रास ‘स्वस्तिक’ म्हणते. आणि त्याच नावाचे मंगलचिन्ह आपण उंबरठ्यावरील रांगोळीत, कलशावर, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चोपडीच्या पहिल्या पानावर रेखाटतो. लंडन किंवा न्यू जर्सी येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला दारावर स्वस्तिक काढताना शेजारी काय म्हणतील, अशी धाकधूक वाटते. ती धाकधूक कोठून आली, हे समजून घ्यायचे असेल, तर या छोट्या वादाकडे पाहणे अगत्याचे आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. अशा प्रत्येक संचात पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ चित्रांचे एक पत्रक असते. छंदिष्ट त्यांना ‘डिकॅल’ म्हणतात. विमानाचे क्रमांक, पथकाची चिन्हे, राष्ट्रचिन्हे, सारे त्यात असते. जर्मनीच्या फौजदारी संहितेतील ८६ अ या कलमान्वये घटनाविरोधी म्हणून बंदी घातलेल्या संघटनांच्या चिन्हांचे जाहीर प्रदर्शन व प्रसार हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. कला, विज्ञान, संशोधन, अध्यापन आणि इतिहासकथन यांना त्यातून सवलत आहे. परंतु खेळण्यांच्या दुकानात विकला जाणारा खोका या सवलतीत बसतो की नाही, याची कसोटी स्वतःच्या पैशाने लावून पाहण्याची हौस कोणत्या व्यापाऱ्याला असणार? म्हणून ‘रेव्हेल’सारखी जर्मन कंपनी ते चिन्ह पत्रकात देतच नाही. अन्य देशांतील काही उत्पादक चिन्हाचे दोन तुकडे करून छापतात. ते जोडायचे की नाही, हे घेणाऱ्याने ठरवायचे. काही जण ते पत्रकाच्या अशा कोपऱ्यात छापतात, की जर्मनीला माल धाडताना तेवढा कोपरा कापून टाकता यावा. चिन्ह अर्धे छापले म्हणजे पापही अर्धेच लागते, अशी ही वैश्यवृत्तीची तोड!

जर्मन राष्ट्राने स्वतःवर घालून घेतलेल्या या बंधनाविषयी आमच्या मनात अनादर नाही. आपल्याच बापजाद्यांच्या हातून सुमारे साठ लाख ज्यूंचा संहार झाला, हे ज्या समाजाला पुढच्या पिढीला सांगावे लागते, त्याने काही पथ्ये पाळणे स्वाभाविक आहे. मात्र जर्मनीच्या पथ्याचे अन्य देशांनी केवळ सोय म्हणून अनुकरण करावे काय, हा वेगळा प्रश्न आहे. आमच्या मते, करू नये.

कारण, कोरी शेपटी खोटे बोलते. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे पोलंडमधील व्हिएलुन या गावावर जर्मनीच्या ‘स्टुका’ विमानांनी सूर मारून बॉम्ब टाकले. गावातील रुग्णालयही त्यातून सुटले नाही. त्या ‘स्टुका’ची प्रतिकृती आज एखाद्या कपाटात मांडली आहे, पंखांचा तो विशिष्ट बाक आहे, चाकांवरील आवरणे आहेत, पण शेपटी स्वच्छ आहे, अशी कल्पना करा. पाहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला काय दिसते? एक देखणे यंत्र. ते कोणत्या सत्तेचे, कोणत्या विचाराचे हत्यार होते, हे सांगणारी एकमेव खूण नेमकी पुसलेली असते. नाझी राजवटीला स्वतःच्या चिन्हाची लाज नव्हती. १९३५ मध्ये तिने ते राष्ट्रध्वजावर चढवले आणि विमानांच्या शेपटीवरही मिरवले. आरंभी तेथे लाल पट्टा व पांढरे वर्तुळ असे, युद्धाच्या तोंडावर ती रंगीत सजावट जाऊन पांढऱ्या कडेचे काळे चिन्ह तेवढे उरले. जाणकार शेपटी पाहून विमानाचा काळ सांगतो. गुन्हेगाराने अभिमानाने केलेली सही इतिहासाने खोडून का द्यावी?

चिन्ह वगळले म्हणजे दोष टळला, ही समजूत किती फसवी आहे, हे २०१८ मध्ये दिसून आले. ‘रेव्हेल’ने ‘हाउनेबू’ नावाच्या एका उडत्या तबकडीचा संच बाजारात आणला. नाझींनी अवकाशात जाणारे यान बनवले होते, ही युद्धानंतर पसरवली गेलेली निव्वळ भाकडकथा. पण खोक्यावरील मजकूर जणू ते जगातील पहिले अवकाशयान होते, अशा थाटात लिहिलेला होता. जर्मनीतील बालसंरक्षण संघटनेने आणि ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयाने आक्षेप घेतल्यावर कंपनीने तो संच मागे घेतला. जी कंपनी खऱ्या विमानांच्या शेपट्या काळजीपूर्वक कोऱ्या ठेवत होती, तिच्याच खोक्यातून नाझींच्या अलौकिक सामर्थ्याची थाप मुलांच्या हाती पोचली. त्याच वर्षी जर्मनीतील संगणकीय खेळांचे परीक्षण करणाऱ्या संस्थेने इतिहासाचा संदर्भ असलेल्या खेळांत हे चिन्ह दाखवण्यास, प्रत्येक खेळ तपासून, मुभा देण्याचे ठरवले. म्हणजे खुद्द जर्मनीतही सरसकट पुसापुशीचा फेरविचार सुरू झाला.

आता दुसरी बाजू. ज्यांच्या घरातील माणसे छळछावण्यांतून परतली नाहीत, त्यांना प्रदर्शनाच्या टेबलावर ते चिन्ह पाहून काय वाटत असेल? हा आक्षेप कृत्रिम नाही आणि ‘इतिहास म्हणजे इतिहास’ असे म्हणून तो उडवून लावणे हा उद्धटपणा होईल. शिवाय या छंदाच्या आडोशाने नाझींचे उदात्तीकरण करणारे महाभाग युरोप-अमेरिकेत आहेतच. म्हणून आम्ही मर्यादा सांगतो, ती अशी की, चिन्ह जेथे होते तेथे आणि जेवढे होते तेवढेच असावे. जर्मन रणगाड्यांच्या बाजूंवर सामान्यतः सरळ भुजांचा काळा-पांढरा क्रूस रंगवलेला असे. आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकू नयेत म्हणून कधी कधी पाठीवर नाझी ध्वज अंथरला जाई, एवढेच. तेव्हा जो हौशी गृहस्थ रणगाड्याच्या बुरुजावर ठळक नाझी चिन्ह चिकटवतो, तो इतिहासही जाणत नाही आणि त्याची हौस निराळीच आहे, असे खुशाल समजावे. खोक्याच्या झाकणावरील रंगीत चित्रात ते ठसठशीत झळकवण्याचीही गरज नाही. दुकानाच्या फळीवर ते चित्र इतिहास सांगत नसते, माल खपवत असते. आत, पत्रकावर ते असावे आणि ज्याला ते लावायचे त्याने समजून-उमजून लावावे.

आणि त्या पत्रकावर त्याचे खरे नाव असावे. आमचा मुख्य आग्रह येथे आहे. हिटलरच्या पक्षाने १९२० मध्ये आपला ध्वज स्वीकारला, तेव्हा त्यावरील चिन्हाला जर्मन भाषेत ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकडे असलेला क्रूस, असे म्हटले जात होते. इंग्रजी वृत्तपत्रांनी आणि भाषांतरकारांनी त्याला ‘स्वस्तिक’ हा संस्कृत शब्द चिकटवला आणि बघता बघता ‘सु अस्ति’, कल्याण असो, असे म्हणणारा शब्द जगाच्या निम्म्या भागात शिवी होऊन बसला. प्रतिकृतींच्या इंग्रजी माहितीपत्रकांत, स्पर्धांच्या नियमांत, विक्रेत्यांच्या याद्यांत आजही हाच शब्द आढळतो. दोन्ही आकृतींचा काही संबंधच नाही, असे मात्र आपण म्हणू नये. ही आकृती युरोपातही प्राचीन काळापासून होती, ट्रॉयच्या उत्खननात ती सापडल्यावर जर्मन वंशवाद्यांनी तिला ‘आर्य’ वंशाच्या कल्पनेशी जोडले आणि तेथून ती हिटलरपर्यंत गेली. आपले काही उत्साही मित्र दोन्हींमधील भेद कोनमापकाने सिद्ध करू पाहतात. ते तिरके, आपले सरळ. त्यांत ठिपके नाहीत, आपल्यात आहेत. आकृतीच्या वादात शिरण्यापेक्षा शब्द परत मागावा, हे अधिक सयुक्तिक.

नाव आणि संदर्भ यांचा विवेक सुटला, की काय घडते, याचे उदाहरण फिनलंड आहे. ६ मार्च १९१८ रोजी एरिक फॉन रोझेन या स्वीडिश सरदाराने फिनलंडच्या नवजात सैन्याला एक विमान भेट दिले. त्याच्या पंखांवर त्याचे स्वतःचे शुभचिन्ह, निळे स्वस्तिक, होते. तेच फिनलंडच्या हवाई दलाचे चिन्ह झाले आणि १९४५ पर्यंत राहिले. नाझींचा ध्वज तेव्हा जन्मलाही नव्हता. हा सरदार पुढे गोअरिंगचा साडू झाला आणि नाझी विचारांकडे झुकला, हे खरे. परंतु १९१८ सालचा शुभशकुन त्यामुळे मागाहून पाप ठरत नाही. लाटव्हियाच्या विमानांवरही १९४० पर्यंत लाल स्वस्तिक होते. अमेरिकेच्या ४५ व्या पायदळ डिव्हिजनच्या खांद्यावर तेथील मूलनिवासींच्या परंपरेतून आलेले पिवळे स्वस्तिक होते. नाझींमुळे त्या डिव्हिजनला ते सोडावे लागले, तर १९४० मध्ये ॲरिझोनातील नवाहो, होपी आदी जमातींनी आपल्या हस्तकलेतून ते वापरणार नाही, अशा घोषणापत्रावर सह्या केल्या. फिनलंडच्या हवाई दलाच्या मुख्यालयानेही २०१७ च्या सुमारास आपल्या बोधचिन्हातून ते गाजावाजा न करता काढले. चोरी एकाची आणि तिचा दंड किती जणांनी भरला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

हिंदू समाजाने हा दंड निमूटपणे भरला नाही, याचा उल्लेख केला पाहिजे. २००७ च्या आरंभी जर्मनीने युरोपीय संघात या चिन्हावर सर्वत्र बंदी घालण्याचा विचार पुढे आणला, तेव्हा ब्रिटनमधील ‘हिंदू फोरम’ने त्यास विरोध केला आणि तो विचार बारगळला. २००८ मध्ये जेरुसलेम येथे हिंदू व ज्यू धर्मनेत्यांच्या परिषदेने, स्वस्तिक हे हिटलरच्या कितीतरी आधीपासूनचे हिंदूंचे मंगलचिन्ह आहे, हे संयुक्त घोषणापत्रात नमूद केले. ज्यांना सर्वाधिक दुःख भोगावे लागले, त्यांनीच हा भेद मान्य केला, यापरते मोठे प्रमाणपत्र नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी घालताना हिंदू, बौद्ध व जैन यांच्या स्वस्तिकाला स्पष्टपणे वगळले.

परंतु जगाकडे बोट दाखवताना आपले अंगण पाहिले पाहिजे. ऑगस्ट २००६ मध्ये आपल्याच नवी मुंबईत, खारघर येथे, ‘हिटलर्स क्रॉस’ या नावाचे उपाहारगृह थाटले गेले होते. भिंतीवर हिटलरचे चित्र आणि फलकावर नाझी चिन्ह! मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केल्यावर नाव बदलले गेले. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलाचे घाणे चालवून ‘शनवार तेली’ म्हणून आपल्यात मिसळलेल्या, इस्रायलमध्ये जाऊनही मराठी न विसरलेल्या बेने इस्रायलींच्या या भूमीत हे घडावे, ही गोष्ट खाली मान घालायला लावणारी आहे. शिस्तीचा आदर्श म्हणून हिटलरचे नाव घेणारे तरुण आपल्या ओळखीपाळखीत नाहीत, असे कोण छातीठोकपणे सांगेल? स्वस्तिकाचे पावित्र्य युरोपला समजावून सांगण्याआधी त्यांना समजावणे आवश्यक आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे यांनी जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली आणि तेथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समोरच्या सैनिकाच्या गणवेशावर कोणते चिन्ह होते, हे महाराष्ट्राने तरी विसरता कामा नये.

ही कसोटी आपल्या आदरस्थानांनाही लावावी लागेल. नेताजी सुभाषचंद्रांच्या प्रेरणेने जर्मनीत उभ्या राहिलेल्या भारतीय सैनिकांच्या पथकाच्या बाहीवर तिरंगा आणि झेप घेणारा वाघ होता. पण गणवेश जर्मन सैन्याचा, आणि त्याच्या छातीवर नाझी चिन्ह पकडलेला गरुड. त्या सैनिकाची मूर्ती घडवणारा भारतीय छंदिष्ट वाघ रंगवील आणि गरुड गाळील, तर तो ‘रेव्हेल’पेक्षा वेगळे काही करत नाही. दोन्ही रंगवावेत. एका पराधीन देशाच्या देशभक्तांना स्वातंत्र्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागले, आणि १९४३ च्या फेब्रुवारीत नेताजी जर्मन पाणबुडीतून पूर्वेकडे का निघाले, हे ती मूर्ती पाहणारा मुलगा विचारील. त्याला उत्तर देण्याची तयारी घरातील वडीलधाऱ्यांनी ठेवावी.

राहता राहिली व्यवहाराची बाब. ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातील हिंदू संस्थांनी प्रतिकृती बनवणाऱ्या कंपन्यांना आणि या छंदाच्या मंडळांना पत्रे लिहावीत. मागणी साधी असावी. जर्मन विमानाच्या पत्रकावर ‘हाकेनक्रॉइत्स’ असे छापा. फिनलंड आणि लाटव्हियाच्या विमानांवर ‘स्वस्तिक’ असे छापून खाली दोन ओळींत त्याचा उगम सांगा. शाई तेवढीच लागेल. पत्रावर तेथील ज्यू संघटनांचीही सही मिळवता आली, तर अधिक चांगले. जेरुसलेमचे घोषणापत्र त्यासाठी हाताशी आहे.